नॉइज

आयएसओ शंभरवर ठेवला
तेव्हा फोटोत फक्त भट्टीचं तोंड आलं.
बाकी सगळी तांबट आळी
मेणकापडात गुंडाळून ठेवल्यासारखी.

चारशे केला. वडकेंचा उजवा हात उगवला,
हातोडीपाशी पुसट.
"जरा स्थिर राहता का?" मी ओरडून विचारलं.
"स्थिर राहिलो तर घागर कोण करणार?"

कॅमेरा तपकीर गल्लीतला, सेकंडहँड.
आधीच्या मालकाने लग्नं काढली असावीत यावर,
पट्ट्याला अजून अत्तराचा वास आहे.
दुकानदार म्हणाला होता, सोळाशेच्या वर जाऊ नका मॅडम,
दाणे पडतात.

मी बत्तीसशेवर गेले.

छताला टांगलेल्या बंबाची काजळी आली,
खिळ्याला टोचलेली लाइटबिलं,
वडकेंच्या भुवयांत अडकलेली राख,
आणि मागे, जिथे मला वाटलं होतं कुणीच नाही,
पाटावर बसलेला त्यांचा मुलगा,
मोबाइलच्या उजेडात हनुवटी निळी.

दाणे होतेच. सावलीत जास्त,
लाल-हिरवे, रव्यासारखे.
"याला नॉइज म्हणतात," मी स्क्रीन पुढे धरली,
"उजेड कमी पडला की कॅमेरा कान टवकारतो,
मग नको तेही ऐकू येतं त्याला."

वडकेंनी आधी हात मांडीला पुसले.
"फोटोत आवाज?"
आणि डावा कान स्क्रीनजवळ आणला,
खरंच ऐकावं तसा.
उजवा चाळीस वर्षांत कधीतरी गेला.
नेमका कधी, ते कळलंच नाही म्हणे;
एका सकाळी वाटलं, आज आळी बंद आहे की काय.

मग अर्धी झालेली घागर उलटी करून
माझं बोट तिच्या पोटावरून फिरवलं.
मठाराच्या खुणा. एकेक ठोका.
"हेपण दाणेच.
गुळगुळीत पाहिजे तर स्टीलची घ्या, बोहरी आळीत मिळते."

रात्री कॉम्प्युटरवर
नॉइज कमी करायची पट्टी उजवीकडे सरकवली.
वडकेंचा चेहरा वापरलेल्या साबणासारखा झाला.
राख गेली.
मुलगाही गेला जवळजवळ.

पट्टी होती तिथे आणून ठेवली.

गुरुवारी तिकडे लाइट नसते.
गुरुवारीच जाईन म्हणते.
बारा हजार आठशेपर्यंत जातो हा कॅमेरा;
बघू,
तेवढ्यात तो मुलगा मान वर करतो का.