स्वखुशीने

पत्रात कारण एकच:
‘अर्जदाराने स्वखुशीने काम सोडले.
सबब बेकारी भत्ता नामंजूर.’

वाळूजच्या पॅकिंग खात्यात नऊ वर्षं
डबल पाळीला कधी नाही म्हटलं नाही.
तिथं न दिसलेली खुशी
अशी कागदावर भेटली.

त्या सोमवारी गेटवर
मशीनने माझा अंगठा ओळखला नाही.
पदराला पुसला, परत टेकवला.
वॉचमन दांडगे खाली बघत म्हणाला,
मावशी, यादीत नाव नाही तुमचं.
डब्यात शेपूची भाजी होती.
कंपनीच्या भिंतीला टेकून
अकरालाच खाऊन टाकली.
तेवढं मात्र स्वखुशीने.

लिंबाखाली टाइप करणारे मुनीरभाई विचारतात,
अपिलात भाजीचं घालायचं का?
घाला म्हटलं.
ते हसले, आणि उमटलं:
‘सदर दिवशी कामावर घेण्यात आले नाही.’
भाजी राहूनच गेली.

मुदत तीस दिवसांची, आज अठ्ठाविसावा.
खिडकीतला पोरगा म्हणतो, ठेवून जा.
ठेवून कशी जाऊ?
पोच द्या.
साहेब जेवायला गेलेत.
जेवू द्या. बसते मी.

शिक्का अर्धाच उठला,
तारीख दिसते, साल नाही.
पुन्हा मारा म्हटलं.
मारला त्याने, टेबल हललं.
मग शाईचा पॅड सरकवला माझ्याकडे.

नको.
अंगठ्याने एकदा दगा दिलाय.
पेन द्या इकडं.
कौतिका रामभाऊ सुरडकर,
रफार, काना, सगळं जागच्या जागी,
मागे रांग कुरकुरते
तर कुरकुरू दे.