कौल

आमच्या खानापुरात कौल दोन तऱ्हेचे.
एक मातीचं, छपरावर चढतं.
एक तोंडातून सुटतो.
भाजल्यावर दोन्ही मळता येत नाहीत.

बाबा, इनास सोज, कारखान्यात साच्यावर होते.
हात नेमका, जीभ मोकळी.
स्टँडवर भेटलेल्या परक्यालाही
अर्ध्या चहात सांगायचे,
तुझ्या पोरीच्या लग्नाला येतो, मांडव माझ्याकडं.

त्या शनिवारी कित्तूरचा रुद्रगौडा आला.
जुनी लॉरी घ्यायची होती,
पतसंस्थेला जामीन हवा होता.
त्याचं वाक्य अजून बशीतच होतं,
बाबा म्हणाले, "आयतु."

कानडीत हा होकार.
पण काळ बघा त्याचा: झालं, होऊन गेलं.
पुढं काय वाढून ठेवलंय ते ठाऊक नसताना
माणूस सांगतो, उरकलं.
मराठीत तरी काय, आम्ही म्हणतोच,
"झालं की गा!"

रात्री लाईट नव्हती. आई भाकरी थापत होती.
"किती रुपयांना?"
"आकडा विचारला नाही."
तिचा हात थांबला.
तव्यावरची करपली, तरी उलटली नाही तिनं.

मग हळू म्हणाली,
"शहाण्या राजानं लेकाला हेच बजावलंय.
दुसऱ्याच्या कर्जाला हात देऊन बसलास,
तर फास तुझ्याच तोंडानं वळलास.
आता मान बघू नको, झोप बघू नको,
हरणागत सूट.
आज रात्रीच जावा तुम्ही."

"दिलेला शब्द परत मागू? लोक काय म्हणतील?"

"सही सोमवारी आहे.
आवारात जाऊन बघा, आजची कौलं ओली आहेत.
कुत्रं चालून गेलं तर आज अंगठ्यानं पुसता येतं.
भट्टी लागली की पंजा जन्मभर छपरावर."

कंदील घेऊन मी स्टँडपर्यंत गेले, अकरा वर्षांची.
बिडीपर्यंत बस, पुढं पायी.

तिथं काय झालं ते त्यांनी
पुढच्या वीस वर्षांत तुकड्यातुकड्यानं सांगितलं.
कुत्री अंगावर आली.
रुद्रगौडाच्या आईनं ताक दिलं.
तोंड उघडलं तर कानडी आठवेना,
मराठीतच गयावया केली.
तो उंबऱ्यावर उभा राहून ऐकत होता, शेवटी म्हणाला,
"तिथंच नाही म्हणाला असतास, इनास,
तर चहा तरी पुरता प्यालो असतो."

तो परत कधी आमच्या दारी आला नाही.

लॉरी मात्र घेतली. दुसरा जामीन मिळाला.
हप्ते सगळे फेडले, एकही चुकवला नाही.
म्हणजे बाबांचं एक पैसा बुडणार नव्हता.
हे कळलं तेव्हा ते आईपुढं येऊन उभे राहिले.
ती तांदूळ निवडत होती. म्हणाली,
"त्या रात्री ठाऊक होतं का?"
आणि खडा बाजूला टाकला.

त्यानंतर हो म्हणण्याआधी
बाबा खालच्या ओठावर अंगठा दाबून बघायचे,
माती वाळली का बघतात तसा.
लोक मुका इनास म्हणू लागले.
नंदगडच्या फेस्तालाही सगळे नवस बोलत,
हे नुसती मेणबत्ती लावत
आणि ज्योत स्थिर होईपर्यंत उभे राहत.
देवाशी सौदा नाही, म्हणायचे,
तो वर आहे, आपण चिखलात, थोडकंच बोलावं.

मी तितकी शहाणी झाले नाही.
फोनवर अजून निसटतं माझं: हो, हो, करते, बघ झालंच.
मग रात्री डोळा लागत नाही,
पाठीवर पडून वर बघत राहते.

आमच्या स्वयंपाकघरावर, चुलीच्या सरळ वर,
एका कौलावर आतल्या बाजूनं पंजा आहे.
चार बोटं, एक गादी, नखांसकट.
भाजलेला.
कुठल्या कुत्र्याचा, कुणास ठाऊक.
घाईत असावं.