लसणाच्या वहीत

वहीच्या शेवटच्या पानावर, लसणाच्या हिशेबाखाली
मी सर्जनांची नावं लिहीत गेले.
केम्ची गावात प्रत्येकाकडे एक नाव होतंच.
बेकरीवाल्या ओटिलियाकडे, तिच्या दिराला जगवणाऱ्याचं.
होड्या बांधणाऱ्या रोसेंदोकडे, त्याच्या मेहुण्याला मारणाऱ्याचं.
नीट खोदून विचारलं
तर दोघांचा डॉक्टर एकच निघाला.

आई चुलीपाशी लोकर पिंजत बसलेली.
जठरात गाठ आहे हे कळून नऊ दिवस झाले होते
आणि ती अजून "माझं पोट" म्हणत नव्हती.
"ते पोट" म्हणायची,
शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलावं तसं.

पहिला कास्त्रोचा, डॉक्टर बार्रिएन्तोस.
स्कॅनच्या फिल्मा खिडकीशी धरून त्यानं इतका वेळ पाहिल्या
की मी बाहेरच्या समुद्रातले खांब मोजून संपवले.
मग म्हणाला, "करू शकतो मी.
पण अख्खं जठर काढायचं ऑपरेशन
माझ्या हातून वर्षाला तीन, फार तर चार होतात.
माझी आई असती तर इथे ठेवली नसती."
जिन्यावर आई थांबली.
"मला हाच हवा."
"अगं, तो नाही म्हणाला!"
"म्हणून तर."

पुएर्तो मोंतचा दुसरा. फेरीबोट, धुकं,
दवाखान्याच्या दारात कारंजं.
त्यानं आईचा हात दोन्ही हातांत घेतला.
वर्षाला किती करता, मी विचारलं. वहीत तसंच लिहून नेलं होतं.
"आकड्यांत काय आहे, प्रत्येक पेशंट वेगळा," तो हसला,
आणि खरं सांगते, मला तो आवडला.
आई चाळीस वर्षं बाजारात लसूण तोलत आलेली.
बोटीवर पुटपुटली,
"वजन सांगायला लाजतो, त्याचा काटा बघावा."

तिसरं नाव बार्रिएन्तोसनंच दिलेलं,
वाल्दिविया, डॉक्टर ओलावारिया.
बाई अर्धा पाव तोंडात धरून आत आली.
आमच्याकडे न बघता कागदावर जठर काढलं,
त्यावर आडवी रेघ मारली, आतडं वर ओढून जोडलं.
आठवड्याला एक तरी करते, म्हणाली.
गेल्या वर्षी दोन जण टेबलानंतर गेले.
दोघांची नावं तिला पाठ होती.
आधी केमो, मग ती,
आणि ठरवणार सहा जण मिळून, ती एकटी नाही.

"नंतर बटाटा खाता येईल का?" आईनं विचारलं.
"थोडा. दिवसातून सहादा थोडा.
कधी घाम फुटेल, आडवं व्हावं लागेल."
मग तिचं पेन पहिल्यांदा थांबलं.
"कुठला बटाटा?"
आई सांगत बसली, काळा, जांभळा,
लांबट, डोळ्याडोळ्यांचा,
आणि बाहेर रांग खोळंबली.

बसमध्ये मी धुमसत होते.
एकदाही हसली नाही. नावसुद्धा उठताना विचारलं.
"मला काय तिच्याशी सोयरीक करायची आहे?" आई म्हणाली
आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.

निवड बरोबर होती का, हे मला विचारू नका.
ते कळायला दुसरी आई लागेल,
आणि तिला दुसऱ्याकडे न्यावं लागेल.

केमोच्या आदल्या रविवारी
तिनं मला पुन्हा कास्त्रोला पिटाळलं,
मुठीएवढ्या लसणाची वेणी घेऊन, बार्रिएन्तोससाठी.
"त्यानं तर काहीच केलं नाही," मी म्हटलं.
"तेवढं तरी कोण करतं?"

दवाखाना बंद. वेणी फाटकाच्या कडीला अडकवली.
चिठ्ठीसाठी वहीचं शेवटचं पान फाडू गेले
तर त्यावर हे सगळे.
ठेवलं तसंच.
वास येईल त्याला, कळेल.