हरवलेल्या वस्तूंची पिशवी

निकाल वाटून झाले, कॅटलॉगची बेरीज
तिसऱ्या खेपेला जुळली,
पोषण आहाराचा उरलेला तांदूळ मोजून
साडेअकरा किलो लिहिला,
कपाटाची किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला टांगली
आणि मी सुटले.

म्हणजे तसं वाटलं.
घणसोलीत उतरून चार पावलं टाकली
तर रिक्षावाला ओरडला, मॅडम, पिशवी!
बहुतेक मुद्दामच विसरत होते मी ती.

बारा पाण्याच्या बाटल्या.
डब्यांची झाकणं नऊ, डबा एकही नाही.
डाव्या पायाचा बूट.
एक स्वेटर. खाडीकाठी, स्वेटर!
आणि एक कंपासपेटी, जिच्यात कंपास सोडून सगळं :
चिंचोके, संपलेला सेल,
वहीच्या कागदात गुंडाळलेला कुणाचा तरी दुधाचा दात.
चौथी ब वर्षभर जे जे विसरली ते.
शिपाईमामा म्हणाले, टाकून देऊ?
मी म्हटलं, थांबा.
का म्हटलं, ते अजून कळलेलं नाही.

फ्रिजवर यादी आहे, मार्चमधली,
पेपर तपासता तपासता लाल पेनानं केलेली :
दाढ दाखवणे.
माळा आवरणे.
कुरडया, आईला फोन करून, यंदा तरी नीट लिहून घेऊन.
तरणतलावात बायकांची बॅच कधी असते, विचारणे.
दुपारी झोपणे. याच्याखाली दोन रेघा.
काहीही न करणे. याच्यापुढे हाताच्या सवयीनं
गुणही देऊन ठेवलेत : दहापैकी चार.

पहिल्या दिवशी पाच दहाला जाग आली.
शेजारच्या कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला
मी भाजी चिरता चिरता म्हटलं, गप्प बसा रे.
दहा चाळीसला छोटी सुट्टी झाली
असं शरीरानं परस्पर ठरवलं.
एकोणीस वर्षांत पक्का झालेला
माझा हा एकच धडा.

दुपारी, दोन रेघांच्या ऐन वेळी, ग्रुपवर मेसेज :
प्रशिक्षणास उपस्थित राहणे अनिवार्य.
बावीस जणींनी अंगठा दाखवला.
मीही दाखवला.
उजव्या हाताचा की डाव्या, ते मनात.

संध्याकाळी बाजारात गेले, सोडा आणायला.
कोपऱ्यावर ताडगोळ्यांची गाडी
आणि गाडीमागे भावेश मुकणे.
तिसरा बाक, खिडकीकडे.
तेराच्या पाढ्यात अठ्ठ्याहत्तरवर
हमखास पाय घसरणारा.
पेन्सिल अशी धरायचा, जणू दुसऱ्या कुणाची आहे
आणि लगेच परत द्यायचीय.
इथे आईशेजारी बसून तो ताडगोळे सोलत होता,
पातळ साल, आतलं पाणी न सांडता,
बोटांकडे न बघता.

मग त्यानं मला बघितलं
आणि झाला की गाडीखाली गडप!

लाजला असेल.
नाहीतर वाटलं असेल, आता बाई विचारणार.
खोटं कशाला बोलू, ओठांवर आलंच होतं :
डझनाला एवढे, तर तेरा घेतले तर किती?
ताडपत्रीखालून त्याच्या दोन टाचा दिसत होत्या,
श्वास रोखून धरलेल्या टाचा.
त्याची आई काही न कळून
माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून हसली.

मी वळले,
औषधाच्या दुकानाशेजारच्या गल्लीत,
जिथे मला काही घ्यायचं नव्हतं.
त्यालाही सुट्टी लागलीय.
ताडगोळे मात्र खायचे राहिले.

रात्री बाटल्या घासल्या, सोडा घालून,
बाटलीचा ब्रश मिळेना म्हणून चमच्याला फडकं बांधून.
एकीच्या तळाशी लिंबाची बी कुजत होती,
एकीत चक्क खडूची पूड.
उलट्या करून गॅलरीच्या ग्रिलवर अडकवल्या, ओळीनं,
उंचीप्रमाणे. सवय.

पलीकडून कुंदाताई म्हणाल्या,
एवढ्या बाटल्या? पाहुणे आलेत का गं?
मी म्हटलं, गेलेत.
पंधरा जूनला येतील.

निळीवर मार्करनं लिहिलंय, भावेश मु,
पुढचं पुसलं गेलंय.
झाकणाला चपलेचा बंद बांधलाय, हरवू नये म्हणून.
गाठ ओली होती, नखांना दाद देईना.
सोडवली नाही.
तशीच टांगली.