छत्तीस इंच

बावीस हजार सांगतोय सोबरनसिंग.
अठरापर्यंत उतरेल, असं त्याच्या
दुसऱ्यांदा चहा मागवण्यावरून वाटतं.
ठेकेदाराची होती, म्हणतो,
दोनच हंगाम चाललीय, म्हणतो.
हँडलचं रबर मात्र
पाचेक हंगामांच्या तळव्यांनी खाल्लेलं.

पुतण्यानं फोनवर शिकवलं होतं:
काका, स्टार्टरची दोरी धरून
अख्खी करवत लटकवा.
झपकन खाली आली तर चहा पिऊन घरी या.
थांबत थांबत उतरली, तर दम आहे छातीत.
लटकवली.
उठायचं मन नसलेल्या पाहुण्यासारखी
उतरली, थांबली, पुन्हा उतरली.

भरोसीला बरोबर नेलं होतं.
एकोणीस वर्षं तो माझ्या वखारीत कुऱ्हाड चालवतो.
क्विंटलमागे पैसे, आणि छिलपे त्याचे.
हे छिलप्यांचं अण्णांनी ठरवलेलं,
कुठल्या वहीत नाही.

त्यानं दोरी ओढली. एकदा, दोनदा.
चौथ्यांदा अख्ख्या हजिऱ्याची कबुतरं उडाली.
बाभळीचा जो ओंडका त्याचा अर्धा तास खातो
तो निळ्या धुरात, मिनिटभरात, दोन झाला.
भरोसीनं कापलेल्या तोंडावरून हात फिरवला
आणि म्हणाला, "अच्छी है."
घरी येईपर्यंत तेवढंच.
स्कूटरवर मागे बसून
तो बुटातला भुसा झाडत होता.

रात्री हिशोब मांडला.
दर कापाला बोटभर जाडीचं लाकूड उडतं.
फुटाफुटावर कापलं तर शंभर किलोमागे तीन किलो,
आणि भुसा कुणी काट्यावर चढवत नाही.
पेट्रोल, त्यात मोजून ऑइल,
साखळीला वेगळं ऑइल,
दर दोन दिवसांनी दाताला कानस.
कुऱ्हाडही खातेच की लाकूड.
पण ती खाते ते
पोत्यात भरून भरोसीच्या चुलीत जातं.
भुशाचा त्याच्या चुलीत धूर होतो नुसता.
हे तो बोलला नाही.
हे मला साडेअकराला, पेन्सिल कानावर ठेवताना सुचलं.

आणि खरं सांगायचं, तर
बीहडातून माझ्याकडे येते ती विलायती बाभूळ,
मनगटाएवढी, फार तर मांडीएवढी.
तिला छत्तीस इंची पातं म्हणजे
मिरची चिरायला तलवार.
एवढ्या पात्याला पुरेल असं वखारीत एकच लाकूड आहे:
मागच्या भिंतीशी पडलेलं चिंचेचं खोड,
रस्ता रुंद झाला तेव्हा स्वस्तात घेतलेलं.
चौघांनी कुऱ्हाडी लावल्या, चौघांनी टेकवल्या.
चार वर्षं मी त्याच्यावरच बसून उधारी लिहितो.
चहाच्या ग्लासांची वर्तुळं उमटलीत त्यावर.
टेप लावून पाहिला.
चौतीस.
दोन इंच राखून जाईल पातं आरपार.
मग मी कुठे बसायचं, हा प्रश्न
कुणाला विचारण्यासारखा नाही.

संध्याकाळी धुकं फाटकातून आत आलं.
भरोसी पोतं भरत होता.
सहज विचारल्यासारखं विचारलं,
"इतवार को क्या जलाते हो?"
"आपकी ही लकड़ी, बाबूजी."
तो हसला. मीही हसलो, जरा उशिरा.

सोबरनचा फोन आला:
मुरैन्याची पार्टी उद्या रोख घेऊन येतेय.
म्हटलं, ठेव बाबा दोन दिवस.
दोन दिवसांत काय ठरणार, देव जाणे.
चिंच अजून आतून ओली आहे,
भरोसी म्हणतो.
कुऱ्हाडीचा दांडा आपटून
कान लावला की कळतं.
मी आपटून पाहिलं.
मला काही कळलं नाही.