एक की दोन

वीटभट्टीच्या कड्याला शिडी लावून
सकाळपासून खरवडते आहे.
खाली डॅन्यूब, रुंद, गढूळ.
वर मक्याचं रान.
मधे चौदा मीटर पिवळी धूळ,
हिमयुगांनी वाऱ्यावर पाखडलेली,
आणि तिच्यात तीन तपकिरी पट्टे.
म्हणजे तीनदा वारा पडला होता,
तीनदा इथे गवत आलं होतं.

पहिल्याला नाव आहे. तिसऱ्यालाही.
दुसऱ्यावरून अकरा वर्षं भांडण.

काम तसं साधं. ओल्या ढेकळाशेजारी
रंगांची वही धरायची,
आम्लाचा थेंब टाकून फसफस ऐकायची,
चिमूटभर दाताखाली घ्यायची.
नुसती कुरकुरली तर धूळ,
जिभेला चिकटली तर कधीकाळची जमीन.
मधेच मुठीएवढी काळी वर्तुळं लागतात:
खारींची बिळं, वरच्या मातीने भरलेली.
खार गेली, तिचा पोकळपणा
भरीव होऊन राहिला.

वॉर्सातले गृहस्थ म्हणतात, थर एकच.
मी म्हणते, दोन.
जुनी जमीन पुरती गाडली जायच्या आत
नवी तिच्या अंगावर वाढली,
मुळं सोडली, आपला चुना
पावसापावसाने तिच्यात उतरवला.
आता कुठे एक संपते, सुरीला कळत नाही.
आमच्या धंद्यात नाव ठेवायला एक दिवस लागतो,
नावं ठेवायला उरलेलं आयुष्य.

शिवाय नियम असा, की नाव गावाचं द्यावं.
गावालाच तीन नावं:
रस्त्याच्या पाटीवर सर्बियन,
लायोशकाकाच्या तोंडी हंगेरियन,
आणि तण माजलेल्या कबरींवर जर्मन,
जे आता कुणी हाक मारताना वापरत नाही.

लायोशकाका चाळीस वर्षं इथे माती कापायचा.
शिडी धरून उभा असतो, विचारलं नाही तरी बोलतो.
"हा तुमचा दुसरा ना? आम्ही सासू-सून म्हणायचो.
वरची भाजली की लाल, खालची पिवळट.
एकत्र मळल्या की वीट तडकायची."

मी शिडीवरून जवळजवळ पडले.

वॉर्साला हे कळवलं तर उत्तर येईल:
चुन्याची करामत, रादिंकाबाई, बाकी काही नाही.
येईलही. तेही खोटं म्हणता येणार नाही.
आणि नोव्हेंबरात यंत्र येणार, हा कडा जाणार,
मग नकाशावर बोट ठेवून
"पाहा, इथे" म्हणायलाही जागा नाही.

संध्याकाळी काकाने घरामागे नेलं.
कोंबड्यांचं खुराडं, त्याने स्वतः रचलेलं:
खाली पिवळ्या विटांच्या सहा ओळी,
वर लाल सात.
कड्यात होती त्याच क्रमाने,
"चुकून नाही हं," तो म्हणाला.

मी वही काढली. दिनांक, उंची, रंग.
नावाच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
दारात एक पांढरी कोंबडी
माझ्याकडे एका डोळ्याने पाहत होती,
मग दुसऱ्या.