पाच कार्बनांचा दोर

सावद्याहून आणलेली केळी, दीड डझन.
अर्धी सुपडूभाऊंनी खाल्ली,
अर्धी मी बर्फ टाकून मिक्सरमध्ये फिरवली,
गाळली, स्तंभातून उतरवली,
तीन दिवसांनी नळीच्या टोकाला उरलं
नखात मावेल एवढं लेक्टिन.

पुस्तकं म्हणतात, हे एकटं राहत नाही,
जोडीनं राहतं.
म्हटलं, बघू.
पण जेलवर चढवायचं तर आधी साबणात उकळावं लागतं,
आणि उकळत्या साबणात कोणाचीही जोडी सुटते.
पंधरा हजारांच्या खुणेशी एकच निळा पट्टा.
दोघं होते,
याचा कागद नाही.

म्हणून ग्लुटाराल्डिहाइड.
पाच कार्बनांचा दोर, दोन्ही टोकांना हात,
लायसिन सापडलं की गच्च.
शेजारी असतील तरच पोचतो,
नाहीतर एक हात धरलेला, दुसरा पाण्यात.
त्याला मायाबिया कळत नाही.
अंतर कळतं.

पहिल्या खेपेला चूक माझीच.
सवयीनं ट्रिस बफर घेतलं.
ट्रिसलाही अमाइनचा हात, आणि ते थेंबात कोट्यवधी.
सगळा दोर त्यानंच गुंडाळून घेतला,
माझं प्रथिन कोरडंच.
झोपे मॅडम बोलल्या नाहीत,
चष्मा पुसत राहिल्या.
मी बाटलीवर लाल पेनानं लिहिलं: नको.

दुसऱ्या खेपेला फॉस्फेट.
कृतीत लिहिलेलं, ‘खोलीच्या तापमानाला वीस मिनिटं’.
लिहिणाऱ्यानं मे महिन्यातली बांभोरीची खोली
पाहिलेली नसावी.
साडेअकराला वीज गेली, जनरेटर खोकून गप्प झाला,
आणि मी खिडकीतून गिरणेच्या कोरड्या पात्रातले
वाळूचे ट्रॅक्टर मोजत बसले.
चाळीस मिनिटं.

जेलवर काही उतरलंच नाही.
सगळं विहिरीच्या तोंडाशी अडकलेलं,
निळा, दांडगा गाळ,
ज्यानं त्यानं ज्याला त्याला धरलेलं.

सुपडूभाऊ धरणगावचे.
या नोकरीआधी गावोगाव खाटा विणायचे.
त्यांनी जेलची ताटली उजेडाला धरली,
मान तिरकी केली.
“बठ्ठं बांधी टाकं, ताई. मंग हालस कोन?”
आणि बादली घेऊन गेले.

तिसऱ्या खेपेला बर्फाचं भांडं, मोबाइलचा गजर,
आणि पाचव्या मिनिटाला
ट्रिस.
तेच, लाल पेनाचं.
मोकळे राहिलेले हात त्यानं एकेक करून धरले
आणि सगळं जिथल्या तिथे थांबलं.
बाटलीवरचं ‘नको’ मी खोडलं नाही,
त्याच्या आधी ‘पाच मिनिटं’ एवढं लिहिलं.

या वेळी दोन पट्टे.
खाली पंधराशी ठळक,
वर तिसाशी फिकट, घाबरल्यासारखा.
मॅडमनी चष्मा डोळ्यांवर ठेवला.
“फोटो काढ.”

मी काढला, पण डोक्यात खाट.
धरून ठेवलेलं हे
आपलं काम करतं का अजून?
सशाच्या रक्तपेशी आणल्या, ताटलीच्या खळग्यांत सोडल्या,
प्रत्येकीत थोडं थोडं लेक्टिन.
चाळीस मिनिटांच्या खळग्यात
पेशी घरंगळून तळाशी,
लाल टिकली.
कोणी कोणाला पकडलं नाही.
पाच मिनिटांच्या खळग्यात पसरलेली चादर,
मूळ लेक्टिनच्या चादरीहून जरा विरळ,
एका कडेला ढिली,
पण चादर.

सुपडूभाऊ वाकून बघून गेले.
काही म्हणाले नाहीत,
फक्त त्या ढिल्या कडेवर, काचेच्या वरून,
बोट फिरवलं,
सुंभाचा शेवटचा पीळ तपासावा तसं.

“तीनदा कर,” मॅडम म्हणाल्या,
“एकदाचं काही खरं नसतं.”

फ्रिजातली उरलेली केळी काळी पडली होती.
मी सावद्याला फोन लावला.
अजून तीन डझन, म्हटलं.
पिकलेली द्या.
पलीकडून विचारलं, कार्य आहे का काही घरी?